शुद्धलेखन आणि स्वकथन : दोन शिक्षिकांच्या आठवणी

स्त्रियांच्या आठवणींविषयी लिहिताना मराठी समीक्षेने दोन विशेषणे जवळजवळ परंपरेने वापरली आहेत : 'प्रामाणिक' आणि 'साधी'. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकापासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पर्यंत (पहिला भाग १९३४) आणि त्यानंतरही ही विशेषणे गौरवाची म्हणूनच येतात. परंतु गौरवातही एक नकार दडलेला असू शकतो. लेखन साधे आहे असे म्हणताना ते रचलेले नाही, आपोआप उतरले आहे, असे सुचवले जाते. ते प्रामाणिक आहे असे म्हणताना लेखिकेपुढे अनेक वाटा होत्या आणि त्यांतून तिने एक निवडली, ही गोष्ट विचारात घेतली जात नाही. दलित स्त्रियांच्या स्वकथनांचा प्रश्न आला तेव्हा या दोहोंत तिसऱ्या विशेषणाची भर पडली. ही पुस्तके 'दस्तऐवज' ठरली. दस्तऐवजाला मोल असते, पण त्याला शैली असते असे सहसा कोणी मानत नाही.

या भूमिकेची मर्यादा नेमकी कोठे उघडी पडते हे पाहायचे असेल, तर कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावी लागतात. ही पुस्तके सहसा एका यादीत येतात. एकमेकींच्या संदर्भात मात्र क्वचितच वाचली जातात. दोन्ही लेखिका पूर्वाश्रमीच्या महार समाजातल्या, दोघींच्या घडणीमागे आंबेडकरी चळवळ, आणि दोघींचा व्यवसाय अध्यापनाचा. एकीने महाविद्यालयात संस्कृत शिकवले, दुसरीने जिल्हा बोर्डाच्या प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरवायला लावली. हे व्यवसायसाम्य चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवले जाते आणि तेथेच सोडून दिले जाते. वास्तविक या दोन संहितांची भाषा समजून घेण्याची किल्ली तेथेच आहे.

शांताबाईंच्या पुस्तकाच्या शीर्षकापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. शांताबाईंचा जन्म १९२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे झाला. १९४२ मध्ये त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या, पुढे पुण्यात त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षण खात्याच्या अधिकारी म्हणून काम केले. १९८१ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या आणि त्यानंतर हे पुस्तक लिहिले गेले. 'पूर्वा' मासिकात १९८३ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध झाले. म्हणजे जिने जवळजवळ चाळीस वर्षे मुलांच्या पाट्या आणि वह्या तपासल्या, पुढे ज्या शाळांत त्या तपासल्या जातात त्या शाळाच तपासल्या, त्या बाईने आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'माज्या' लिहिले, 'जल्माची' लिहिले, 'चित्तर' लिहिले. तीन शब्द आणि तिन्ही शब्दांखाली कोणत्याही प्राथमिक शिक्षकाने लाल शाईची रेघ ओढली असती. त्या रेघेचा अधिकार लेखिकेकडे स्वतःकडे होता. 'माझ्या जन्माची चित्रकथा' असे लिहिणे तिला येत होते एवढेच नव्हे, ते तसे लिहिले पाहिजे हे शिकवण्याबद्दल तिला पगार मिळत होता.

हे लक्षात घेतले की 'बोलीतील सहज निवेदन' हे त्या पुस्तकाविषयी पुन:पुन्हा केले जाणारे विधान डळमळू लागते. सहज ते असते ज्याला पर्याय ठाऊक नसतो. येथे पर्याय ठाऊक आहे. तो आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेला आहे. आणि स्वतःची कथा सांगण्याच्या क्षणी तो बाजूला ठेवलेला आहे. निवृत्तीनंतर शिक्षिकेने खडू खाली ठेवावा आणि वर्गातल्या शेवटच्या रांगेतील, किंबहुना वर्गाबाहेर बसवलेल्या मुलीच्या तोंडाने बोलू लागावे, असा हा प्रकार आहे. या मुलीचे नाव नाजा. शांताबाईंचे लहानपणीचे नाव नाजाबाई सखाराम बाबर. पुस्तकातील बालपण हे नाजाचे बालपण आहे. नाजाची भूक, नाजाची शाळा, नाजाची आई. मुखपृष्ठावर नाव शांताबाईंचे आणि आतील हाका नाजाला, यांतले अंतर निवेदनाने कोठेही बुजवलेले नाही.

'चित्तरकथा' हा शब्द येथे केवळ शोभेसाठी आलेला नाही. बोलीत तो विलक्षण हकिगत या अर्थानेही चालतो, पण त्यातील चित्राचा अंश पुसला जात नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत कथेकरी चित्रांची पोथी पुढे ठेवतो, एकेक चित्र दाखवतो आणि त्याची कथा सांगतो; एक चित्र संपले की दुसरे. कथेकरी चित्रात नसतो, चित्राशेजारी असतो. शांताबाईंच्या पुस्तकाची रचना या पद्धतीची आठवण करून देते. छोटे छोटे प्रसंग, त्यांच्या मध्ये दुवे नाहीत, प्रसंगाचा अर्थ सांगण्याची घाई नाही. या पुस्तकावर विस्कळीतपणाचा जो आक्षेप घेता येईल, त्यामागे कादंबरीकडून घेतलेली एकसंधतेची अपेक्षा असते. चित्रांच्या पोथीकडून ती अपेक्षा कोणी करीत नाही. लेखिकेने या परंपरेचे जाणीवपूर्वक अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही. तिने एक शब्द निवडला आणि त्या शब्दाने एक आकार सोबत आणला, एवढे म्हटले तरी पुरेसे आहे. १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनने यावर मालिका केली तेव्हा तिला 'नाजुका' असे नाव दिले. पुस्तकातील नाजाला हे कोमल नाव कितपत मानवले असते, हा प्रश्न वेगळा.

आता 'अंतःस्फोट'. कुमुद पावडे यांचा जन्म १९३८ चा, नागपूरचा. तेथेच त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. शांताबाईही त्याच वर्षी गेल्या. 'अंतःस्फोट' हे सलग आत्मचरित्र नाही, आत्मपर लेखांचा संग्रह आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. म्हणजे ज्या तीन-चार वर्षांत दलित स्वकथनाचे स्वरूप ठरत होते आणि त्याविषयीचे वाद रंगत होते, त्याच काळात हे पुस्तक आले. तरीही त्या वादांत त्याला फारसे स्थान मिळाले नाही. त्याचे एक कारण त्याचा लेखसंग्रहाचा आकार हे असेल. दुसरे कारण त्याची भाषा हे असावे, आणि तेच येथे महत्त्वाचे आहे.

पावडे यांचे गद्य संस्कृतप्रचुर, तर्काने पुढे जाणारे, क्वचित व्यासपीठावरून बोलल्यासारखे आहे. दलित स्वकथनाकडून बोलीची, शिवराळपणाची, वस्तीच्या वासाची अपेक्षा करणाऱ्या वाचकाला ते उपरे वाटते. बोली लिहिणारी शांताबाई अस्सल आणि तत्सम शब्द वापरणारी पावडे उसनवारी करणारी, अशी वाटणी नकळत होऊन जाते. परंतु उसने कोणाकडून? संस्कृत ही भाषा जिने पाठशाळेच्या दारातून आत शिरण्याचा हक्क मिळवून कमावली, तिच्या बाबतीत ती उसनी आणि ज्यांना ती जन्माने मिळाली त्यांच्या बाबतीत ती स्वतःची, हे वर्गीकरण भाषेचे नव्हे, जातीचे आहे. समीक्षेने ते वाङ्मयीन म्हणून वापरावे, यात एक विपर्यास आहे आणि पावडे यांच्या पुस्तकाचा विषय नेमका तोच विपर्यास आहे. जी मुलगी मुंजीच्या मांडवाबाहेर मंत्र ऐकत उभी राहिली म्हणून हुसकावली गेली, तिने पुढे तेच शब्द आपल्या गद्यात वापरले. ते आपलेपणाने वापरण्याचा अधिकार तिला नाही असे मांडवातल्या बायका म्हणाल्या. 'अस्सल दलित भाषा' मागणारा समीक्षक वेगळ्या सुरात तेच म्हणतो.

शीर्षकाचाही विचार करावा. विसर्गासह लिहिलेला हा समास वरवर पाहता वेदनेचा उद्रेक सुचवतो. पण संस्कृतच्या प्राध्यापिकेच्या हातून 'स्फोट' हा शब्द त्याच्या शास्त्रीय अर्थाला वगळून उतरला असेल, हे मानणे कठीण. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'तील स्फोट म्हणजे ध्वनींच्या क्रमातून प्रकट होणारे अखंड शब्दतत्त्व. ध्वनी ऐकू येतात, अर्थ मात्र त्यातून एकदम उमलतो. मांडवाबाहेरच्या मुलीला मंत्रांचे केवळ ध्वनी ऐकू येत होते. अर्थाचा स्फोट होण्यासाठी तिला अनेक वर्षे आणि एक पदव्युत्तर पदवी लागली. हा श्लेष लेखिकेला अभिप्रेत असो वा नसो, पुस्तक तो पेलते.

दोन्ही पुस्तकांतील बालपणात मैत्रिणी आहेत. आणि दोन्हीकडे मैत्री उंबऱ्याशी येऊन थांबते. वर्गमैत्रिणीला हाक मारायला गेलेली नाजा अंगणातच थोपवली जाते. कुमुद वर्गातल्या इतर मुलींइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक स्वच्छ असते आणि तरीही मैत्रिणींच्या घरची वडीलधारी माणसे तिच्या स्पर्शाला बिचकतात. या प्रसंगांत विशेष लक्ष द्यावे असे काही असेल तर ते मैत्रिणींचे मौन. बोलतात त्या आया, आज्या, शेजारणी. मैत्रीण दाराआड उभी असते. तिला काय वाटले हे दोघींपैकी एकही लेखिका सांगत नाही. स्त्रियांच्या आठवणींत मैत्रीचे चित्रण असले की समीक्षक ते 'हृद्य' म्हणून नोंदवतात. येथे हृद्य असे काही नाही. जात शिकवण्याचे काम स्वयंपाकघराच्या दारात, बाईच्या तोंडून आणि मुलीच्या देखत होते, याची ती नोंद आहे. ज्या मुलीला बाहेर थांबवले तिच्याइतकाच धडा आत उभ्या असलेल्या मुलीलाही मिळाला. या अर्थाने हेही वर्गच आहेत.

याच संदर्भात 'अंतःस्फोट'मधील गोखले गुरुजींचे चित्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. संस्कृत शिकवणारे हे शिक्षक वेशाने आणि आचाराने पूर्ण सनातनी दिसणारे. त्यांना पाहून ते आपल्याला शिकवणार नाहीत अशी भीती मुलीच्या मनात बसते. प्रत्यक्षात ते तिला भेदभाव न करता शिकवतात. पुढे विद्यापीठात भेटणारे विभागप्रमुख मोठ्या कीर्तीचे विद्वान. आणि त्यांना ही विद्यार्थिनी आपल्या विषयात आलेली खपत नाही. साधा लेखक या दोन चित्रांतून 'माणसे वरून दिसतात तशी नसतात' असा बोध काढून मोकळा झाला असता. पावडे यांचे लेखन येथे अधिक सावध आहे. गुरुजींचे औदार्य हे व्यवस्थेतले औदार्य नव्हते, अपवाद होता, आणि अपवादावर एखाद्या मुलीचे सारे आयुष्य अवलंबून असावे ही गोष्ट कृतज्ञतेबरोबरच अस्वस्थही करते. ही अस्वस्थता त्या कृतज्ञतेच्या भाषेत मिसळलेली आहे; ती वेगळी काढून दाखवता येत नाही, पण वाचताना जाणवत राहते. एकूण पुस्तकातले हे सर्वांत कसदार लेखन होय.

कौटुंबिक जीवनाकडे वळले की दोन्ही पुस्तके रमाबाई रानडे यांच्या परंपरेपासून पुरती दुरावतात. 'आमच्या आयुष्यातील' या शीर्षकातच दोघांचे आयुष्य आहे. शिक्षण तेथे पतीकडून मिळते, आठवणींचा केंद्रबिंदूही तोच आहे. कमलाबाई देशपांडे यांच्या 'स्मरणसाखळी'त (१९४३) पतीच्या जागी पिता आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्था येतात, न. चिं. केळकरांच्या घरात वाढलेल्या आणि पुढे प्रागची डॉक्टरेट मिळवणाऱ्या या लेखिकेला प्रमाण मराठी ही घरातच मिळालेली होती. कोणत्या भाषेत लिहावे हा प्रश्नच तिच्यापुढे उभा राहत नाही. शांताबाई आणि कुमुद पावडे यांना विद्या पतीने दिलेली नाही. शांताबाईंचे पती कृष्णाजी कांबळे स्वतः शिक्षक. त्यांनी दुसरे लग्न केले, आणि शांताबाई घर सोडून निघाल्या. हा प्रसंग ज्या मोजक्या शब्दांत येतो ती मोजकी शब्दसंख्या लक्षणीय आहे. भुकेचे वर्णन जेवढ्या ओळींत, सवतीचेही तेवढ्याच. पुढे संसार पुन्हा जुळतो, तेही त्याच स्वरात. या समस्वराला संयम म्हणण्याचा मोह होतो. परंतु येथे चित्रकथेचा आकार लेखिकेला थोडा तोकडाही पडला आहे, असे म्हटले पाहिजे. लहान मुलीकडे बोट दाखवून तिची गोष्ट सांगता येते. संसारी बाईच्या निर्णयाकडे बोट दाखवले की ती काय विचार करीत होती हे जाणून घ्यावेसे वाटते, आणि चित्र मुके राहते. नाजा मागे पडून शांताबाई पुढे येतात तसतसे पुस्तक विरळ होत जाते.

पावडे यांच्याकडे विवाह वेगळ्याच कारणाने निर्णायक ठरतो. संस्कृतची पदव्युत्तर पदवी असूनही कुमुद सोमकुवर या नावाला अध्यापनाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाला ती मिळते. पदवी तीच, बाई तीच, बदलले ते आडनाव. संस्कृतच्या अध्ययनाची कथा सांगणाऱ्या लेखात यशाचा क्षण येतो तेव्हा लेखिका ते यश स्वीकारण्याचे नाकारते. त्याचे श्रेय ती नव्या आडनावातून कल्पिल्या गेलेल्या जातीला देते आणि माहेरचे नाव वंचितच राहिले अशी नोंद करते. शिक्षणाने मुक्ती मिळते या सूत्रावर रचलेल्या असंख्य आत्मचरित्रांच्या शेजारी हा शेवट ठेवून पाहावा. येथे शिक्षण पूर्ण झाले, नोकरी मिळाली, आणि सूत्र मात्र खोटे ठरले. विशेष असे की ही कथा सांगणारे पुस्तकही पावडे या नावानेच प्रसिद्ध झाले आहे. ज्या नावाने अन्याय सहन केला त्या नावाची सही पुस्तकावर नाही.

'आत्मकथन' की 'स्वकथन' असा एक वाद मराठी दलित समीक्षेत झाला. आत्मा ही कल्पना नाकारणाऱ्या बौद्ध लेखकांनी 'स्व'चा आग्रह धरला. तो आग्रह पारिभाषिक वाटला तरी या दोन पुस्तकांना तो विशेष लागू पडतो. नाजा आणि शांताबाई, सोमकुवर आणि पावडे : यांच्या आत बदलांना पुरून उरणारा एकच आत्मा कल्पिला तर पुस्तकांतील ताण नाहीसा होतो. स्व येथे नोंदवहीवर, हजेरीपटावर, नेमणूकपत्रावर वेगवेगळ्या नावांनी लिहिला जातो, आणि प्रत्येक नावाबरोबर त्याची भाषाही बदलते. नाजाने बोलीत बोलायचे, शांताबाईंनी प्रमाण भाषेत शिकवायचे, आणि लिहिताना पुन्हा नाजाकडे जायचे. सोमकुवरने मंत्र चोरून ऐकायचे आणि पावडेबाईंनी ते उघडपणे शिकवायचे. एकीने मिळवलेली भाषा बाजूला ठेवली, दुसरीने ती सोडण्यास नकार दिला. दोन्ही निर्णय शिक्षिकेचे आहेत.

अलीकडे ही पुस्तके पदव्युत्तर वर्गांत मुख्यतः इंग्रजीतून पोचतात. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' (१९९२) या संकलनात पावडे यांचा संस्कृतविषयक लेख आहे. शर्मिला रेगे यांच्या 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' (२००६) या ग्रंथाने दोघींच्या लेखनाला इतर दलित स्त्रियांच्या लेखनाबरोबर 'साक्ष' म्हणून एकत्र आणले. या प्रयत्नांमुळेच दोन्ही पुस्तके विस्मृतीतून वाचली, हे मान्य केले पाहिजे. रेगे यांनी या लेखनातील स्त्रीचा अनुभव जातीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही हे दाखवून दिले, तेही अत्यंत आवश्यक होते. पण अनुवादात दोघीही एकच भाषा बोलू लागतात : स्वच्छ, आधुनिक, विद्यापीठीय इंग्रजी. साक्षीदाराने काय पाहिले ते त्यातून कळते. त्याने कोणत्या भाषेत शपथ घेतली ते कळत नाही. 'माज्या' या शब्दातला जो 'झ' गाळला गेला आहे, त्याला इंग्रजीत जागा नाही. आणि 'अंतः'पुढचा विसर्गही तेथे उतरत नाही.